डाव्या लिव्हरचा खुलासा

बाबा, तुम्ही खाणीवर चालवत होतात तो चेनचा ट्रॅक्टर गेले आठ महिने आपल्या अंगणात उभा आहे. ‘उभा’ हा शब्द सैल आहे. आणला तेव्हा तो एका अंगावर कललेला होता, चेनच्या कड्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सीटच्या जागी घाणेरीचे झुडूप वाढले होते. खाणी बंद पडल्यावर कंपनीने तो डिचोलीजवळच्या एका माळावर टाकून दिला होता. भंगारवाला तो कापून नेणार होता, त्याच्या आधी मी पोहोचलो. पुढच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक वाचता येत होता, म्हणून ओळख पटली. निवृत्त वकिलाने असा ढीग घरी का आणावा, याची कारणे लोकांनी आपापल्या परीने शोधली. तुमची सून एवढेच म्हणाली, “आता तुळशीक शेजाऱ्यांकडे धाडूया काय?” माझे कारण साधे होते. तुमच्या नावाने मी एक वाक्य लिहून दिले होते. ते कितपत खोटे होते, हे मला तपासायचे होते.

प्रथम निर्विवाद घटना सांगतो. या ट्रॅक्टरला चाक नाही, दोन लिव्हर आहेत. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते आणि यंत्र डावीकडे वळते. खंडेनवमीच्या दुपारी तुमच्या लक्षात आले की डाव्या लिव्हरचा खेळ वाढला आहे, म्हणजे तो बराच ओढूनही पूर्ण काम करत नाही. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पण वर्कशॉपमधले नटबोल्ट फिरवायचे सगळे पाने तोवर हळदकुंकू लावून पूजेत मांडले गेले होते, आणि उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही हा तिथला शिरस्ता होता. एरवी दसऱ्याला ते मोकळे होत. त्या वर्षी भटजींना सुतक आले, दुसरे भटजी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यायचे ठरले. त्या सकाळी पाळी सहाला सुरू झाली. धक्क्यावर खनिज नेणारी बार्ज थांबली होती, मुकादम घाई करत होता, आणि तुम्ही ट्रॅक्टर बाहेर काढला. सातच्या सुमारास खाणीच्या पायरीच्या, म्हणजे खोदलेल्या टप्प्याच्या, काठावर तुम्ही डावा लिव्हर ओढलात. यंत्र वळले नाही. काठाची माती सुटली आणि ते खालच्या पायरीवर घसरले. तुम्हाला खरचटलेही नाही.

कंपनीने तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला, इंग्रजीत. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. आपण स्वयंपाकघरात बसलो आहोत, आई नारळ खवते आहे, तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ लावून आहात. त्या चौकटीवर तुमच्या रेघा आहेत. करायचे काम लक्षात आले की तुम्ही खिळ्याने एक बारीक ओरखडा काढत असा, आणि काम झाले की त्याच ओरखड्यावर सुरीने खोल खाच पाडत असा. कौले शाकारणे, बहिणीला पत्र, दिव्याची वात, कशाचीही. शाळा तुम्हाला फारशी मिळाली नव्हती. ही तुमची वही होती.

“खरा ता लिही,” तुम्ही म्हणालात. “पाने पूजेत होते. हात कसो लावतलंय?”

“बाबा, साहेब हसतील.”

“हसांदेत. माका काय तेंच्या घरात सोयरिक करूची नाय.”

“त्यापेक्षा विसरलो म्हणून लिहितो. विसरलेल्या माणसाला माफी मिळते.”

आईचा हात थांबला. “ह्यो आणि विसरतलो? लग्नात माझ्या भावान काय म्हटल्यान ता अजून माका ऐकवता!”

तुम्ही हसला नाहीत. “विसरलंय नाय. ता लिहू नको.”

माझा युक्तिवाद असा होता, आणि आजही मला त्यात तर्काची चूक सापडत नाही: विस्मरण हा मनुष्यस्वभावाचा दोष आहे, पण दोष ठाऊक असूनही यंत्र बाहेर काढणे हा हेतुपुरस्सर हलगर्जीपणा ठरतो. पहिल्यात समज मिळते, दुसऱ्यात नोकरी जाते. पूजेचे कारण पुढे करणे म्हणजे दुसरा आरोप स्वतःहून कबूल करणे होते. म्हणून मी इंग्रजीत लिहिले की दुरुस्ती करायचे तुम्ही विसरलात. तुम्ही म्हणालात, “वाचून दाखव.” मी कागद समोर धरून मराठीत वाचला, आणि त्या वाक्याशी आल्यावर तुम्हीच उच्चारलेले वाक्य वाचले: पाने पूजेत होते. तुम्ही मान हलवलीत आणि सही केलीत.

नोकरी राहिली. पण विसरभोळा माणूस यंत्रावर नको, असा शेरा मारून तुम्हाला फाटकावर नेमले. निवृत्तीपर्यंत तुम्ही ट्रकांसाठी आडवा बांबू वर-खाली केलात. जुने सोबती जाता-येता विचारत, “काय रे, फाटक उघडूची याद रवली मां?” हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. म्हणजे कागदात काय लिहिले होते ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले असणार. तुम्ही मला त्याबद्दल कधीही विचारले नाही. न विचारण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला: विषय मिटला.

ट्रॅक्टर दुरुस्त करायला मला एक म्हातारा फिटर मिळाला, कोल्हापूरकडचा, तुमच्यानंतर खाणीत लागलेला. महिनाभर आम्ही नुसते डिझेल पाजत होतो, बोल्टांना आणि कड्यांना. मग तारेच्या ब्रशने गंज काढला. इंजिन ऑगस्टमध्ये सुरू झाले. डाव्या क्लचचे, एरवी पान्याशिवाय हाताने उघडणारे झाकण शेवटी उघडले. आतल्या बाजूला ग्रीस वाळून डांबरासारखे झाले होते, आणि त्यामुळेच पत्रा शाबूत होता. फिटरने ते खरवडले आणि मला हाक मारली. “वकीलसायेब, हिकडं या. कुणी गाडीला बी अंगारा लावल्यागत रेघा वडल्यात बघा.”

छिन्नीच्या नऊ खाचा होत्या, सारख्या अंतरावर. दहावी खाच नव्हती. तिच्या जागी खिळ्याचा बारीक ओरखडा होता.

पुरावा म्हणून याचे मोल मर्यादित आहे. तो ओरखडा कोणत्या दिवशीचा, हे लोखंड सांगत नाही. पण तुम्ही आणि आई गेल्यावर तुमची लिपी वाचता येणारा मी शेवटचा माणूस आहे, आणि माझ्यापुरता निकाल झाला. तुम्ही विसरला नव्हतात. काम तुमच्या वहीत नोंदलेले होते आणि पाने मोकळे होण्याची वाट पाहत होते.

त्याच लिव्हरचा खेळ नेमका करण्याचे काम यंदा नवमीच्या दिवशी निघाले. मी अंगणात आलो तेव्हा फिटरने सगळे पाने धुऊन बॉनेटवर मांडले होते, झेंडूसकट. मी म्हणालो, अर्ध्या तासाचे तर काम आहे. तो म्हणाला, “सायेब, एका दिसात ट्रॅक्टर काय पळून जातोय व्हय?” मला त्याला उत्तर देता आले असते. मी दिले नाही आणि पान्यांना हातही लावला नाही. दसऱ्याला उत्तरपूजेनंतर त्याने खेळ नेमका केला. ट्रॅक्टर आपल्या अंगणात डावीकडे वळला, तुळशीला वळसा घालून. मग मी छिन्नी घेतली आणि तुमच्या दहाव्या ओरखड्यावर खाच पाडली. ती तुमच्याइतकी सरळ आली नाही.

इथे हे पत्र संपायला हवे होते. पण झाकण बसवून हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा मी ती चौकट, कितीतरी वर्षांनी, नीट पाहिली. आईने तिला कधी रंग लावू दिला नव्हता. सगळ्या रेघांवर सुरीच्या खाचा आहेत. सर्वांत खालच्या एका रेघेवर नाही. आई त्या रेघेबद्दल तुम्हाला एकदा विचारत होती, हे मला आठवते, आणि तुम्ही म्हणाला होतात, “आसा एक काम. चेडवाचा नाय, झिलाचा.” मुलीचे नव्हे, मुलाचे, म्हणजे माझे. मी तेव्हा खोलीत होतो. माझ्या लग्नाचे असेल, असे मी धरले. माझे लग्न तुमच्यादेखत झाले. रेघ तशीच राहिली.

ती त्या खोट्या वाक्याबद्दल मला विचारण्याची होती, हे मला सिद्ध करता येणार नाही. काल हे सगळे लिहून झाल्यावर मी सुरी घेऊन चौकटीपाशी गेलो होतो, काम झाले असे समजून. खाच न पाडता सुरी परत ठेवली. तुम्ही विचारले असतेत तर मी कबूल केले असते, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. तेव्हाही मी युक्तिवादच केला असता.