समजा, वारस हजर आहेत

सुकापूर, नवीन पनवेल
८ फेब्रुवारी २०१२

चि. सत्यजीत,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासून विरोधी पक्षातच. फोनवर सोनाबाईचं नाव काढलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून हे पत्र. ते मध्येच कट करता येत नाही.

अनुष्काने मासिकासाठी लिहिलेला लेख तपासून सोबत पाठवतेय. सूनबाई हुशार, पण ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं जुनं वैर आहे. तू तो वाचला नसशीलच. तुझ्या बाबांनी तरी माझं कधी काय वाचलं!

लेख कंपनी सरकारच्या काळातल्या इस्लामी फौजदारी कायद्यावर आहे. बंगालात राज्य कंपनीचं आलं तरी तो कायदा बरीच वर्षं तसाच राहिला, हिंदूंनाही तोच. त्यात खून हा आधी मेलेल्याच्या घरच्यांचा मामला. वारसांनी सूड मागावा, नाहीतर माफ करावं. एका वारसाने माफ केलं तरी खुन्याचा जीव वाचे. इंग्रज साहेबाला हे पटेना. धनदांडगे गरीब वारसांना धाकाने माफ करायला लावत असतील, तेही खरंच. पण सतराशे नव्वदच्या सुमारास त्याने वारसांचा तो हक्कच काढून घेतला. कायदा मात्र नावाला तोच. मग अदालतीतल्या मौलवीला विचारायचे, "समजा, सगळे वारस हजर आहेत आणि त्यांना सूडच हवा आहे, तर तुमचा फतवा काय?"

त्या 'समजा'पाशी माझी लाल पेन्सिल थांबली. कुठल्या तरी घरातली बाई माफ करून मोकळी झालेली, आणि अदालतीत तिच्याच नावाने सूड मागताहेत.

तिथे तर खुनाची गोष्ट. आपल्याकडे अपघात होता, सत्या. सोनाबाईच्या कुंदनने टेम्पो जोरात हाणला, चूक त्याचीच. पण बाबांना त्याच टेम्पोत घालून इस्पितळात नेलं तेही त्यानेच. पळाला नाही.

आता खरं ते सांगते. सोनाबाईने आपल्या गल्लीत मासळीची हाळी देणं बंद केलं होतं. पलीकडच्या कडेने मान खाली घालून जायची. इतकी वर्षं तिची भवानी बाबांच्या हातची, ठाऊक आहे ना तुला? त्यांनी पहिली खरेदी केल्याशिवाय ती पुढचं दार गाठायची नाही. मागच्या महिन्यात मी तिला हाक मारली. तर म्हणाली, "बाय, कंच्या तोंडानं येऊ तुमच्या दारी? माज्या पोरानं तुमचं कुंकू पुसलं. आमी माफी मागाया पन लायक नाय."

मी म्हटलं, "टोपली उतरव आधी."

पाटीवरचे बोंबील घेतले, भवानी माझ्या हाताने केली. आम्ही दोघी ओट्यावर बसून रडलो. बोंबील मांजराने पळवले, ते सोड.

सोमवारी निकाल आहे. वकील म्हणतात, खटला सरकारचा, तुमच्या माफीने मिटत नाही. फार तर शिक्षा ठरवताना जजसाहेब तुमचं म्हणणं ऐकतील. मी उभी राहून सांगणार आहे, मी त्याला माफ केलंय. तू मात्र म्हणतोस, "बाबांना न्याय हवा असता." राजा, तूही बाबांना न विचारता 'समजा'च धरतोस. रस्त्यात भांडणाऱ्या दोघांना घरी आणून चहा पाजणारा माणूस तो!

तुझा राग मला कळतो. तो तुझ्या बापावरच्या मायेचा आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. तू नाही आलास तरी माझा लाडकाच राहशील. पण त्या कायद्यात एका वारसाची माफी पुरत होती, मला माझी एकटीची पुरत नाही.

रविवारी ये. सोनाबाई सकाळी येते. भवानी तुझ्या हातची होऊ दे.

वाट पाहणारी,
तुझी आई