चिनी मातीची बटणं

सर, गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन खोकी आली, आणि ती उघडल्यापासून सारखं वाटतंय की हे तुम्ही बघायला हवं होतं. त्यांत कीबोर्डची बटणं आहेत. नुसती वरची, टोपीसारखी काढता-घालता येणारी, आणि चक्क चिनी मातीची. कपबशीच्या मातीची. कुणीतरी बोटाच्या पेराएवढ्या या टोप्या घडवल्या, भट्टीत भाजल्या, तरी त्यातली एकही वाकडी झालेली नाही. एक संच चकचकीत आहे. त्याच्या प्रत्येक बटणात माझी खिडकी दिसते, एकाच खोलीला शंभर खिडक्या असल्यासारखी. दुसरा मॅट, बिनचमकेचा. कपाच्या बुडाची कडा हाताला कोरडी लागते ना, तसा. मी दोन टोप्या एकमेकींना हलकेच टेकवल्या, तर बशीत चमचा ठेवल्यासारखा आवाज आला, आणि मी कितीतरी वेळ तेवढंच करत बसले.

भाचीने आणलेत हे. ती पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी माझ्याकडे सावेडीला येते. वर्षभर माझी केमो चालली, सर. केस परत आले, तोंडाला चव परत आली, पण बोटांची टोकं बधिर झाली ती तशीच राहिली. डॉक्टर म्हणतात, येईल संवेदना, कदाचित नाहीही येणार. तुम्ही शिकवलेला टाईपरायटरचा मराठी कीबोर्डच मी अजून कॉम्प्युटरवर वापरते. बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी, माझ्या बोटांतली मराठी. त्यामुळे बघून टाईप करण्याची सोयच नाही. बोटाला बटण कळलं नाही तर मला अक्षर मिळत नाही. अर्धी झालेली कादंबरी तशीच पडून होती. मोबाईलला तोंडाने मजकूर सांगून पाहिला, पण ते लिहिणं माझं वाटेना.

आधी चकचकीत संच लावला. थंडगार, देखणा. बोटं त्यावरून अशी घसरली की कुठलं बटण संपलं आणि कुठलं सुरू झालं, काही पत्ता नाही. भाचीने स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली आणि खाली बसून हसायला लागली.

"मावशी, ही कुठली भाषा?"

"माझीच. जरा आजारी आहे."

मग ती हसायची थांबली आणि गुपचूप एकेक टोपी काढून मॅट संच लावू लागली.

त्यावर बोट ठेवलं आणि मला कुंकू आठवलं. तुम्हाला आठवत असेल का कोण जाणे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्हीच सांगायचात, "उद्या मशीनचा दिवस, फुलं घेऊन या." टायपिंगच्या क्लासातल्या पोरी मशीनना झेंडूच्या माळा घालायच्या आणि तुम्ही चपला काढून दाराशी उभे राहायचात, पेढा मिळेपर्यंत. माझ्या पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं की मशीनला वरून कुंकवाचं एक बोट टेकवलं की झालं. आमच्या तिसगावात नांगराच्या प्रत्येक भागाला कुंकू लागतं. मी पाण्यात कालवलं आणि सगळ्यांची पाठ वळल्यावर एकूण एक बटणाला नीट टिळा लावला. सुट्टी संपून क्लास उघडला तेव्हा ते वाळून खडखडीत झालेलं, अक्षर एकही दिसत नाही.

तुम्ही मशीनसमोर उभे आहात, कमरेवर हात.

"ए तिसगाव. पूजा केलीस का मशीनचं लगीन लावलंस?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, अक्षता राहिल्या." सगळा क्लास हसतो. मी रडायच्या बेतात आहे, कारण परीक्षा तोंडावर आहे आणि नापास झाले तर घरचे परत बोलावणार आहेत. तुम्ही हसत नाही. "बस," म्हणता. "पुसायचं न्हाई. असंच टाईप कर." मी बोट ठेवते, खाली कुंकवाची खरखर. उतारा संपतो. तुम्ही लाल पेन्सिलीने चुका मोजता. सात. रोज हळूच बघून करायचे तेव्हा वीसच्या खाली कधी आल्या नव्हत्या.

"बघ, बोटांना येतंय," तुम्ही म्हणालात. "इतके दिस मधी मधी तूच बोलत हुतीस."

मग दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन तुम्ही स्वतः ते मशीन पुसायला बसलात. खिडकीबाहेर बघत, एकेका बटणाचं अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणत. मी शेजारी उभी होते. देवाला असंच सगळं पाठ असत असेल, असं मला तेव्हा वाटलं.

परवाही बोटांना सगळं पाठ असल्यासारखं वाटलं, सर. मॅट बटणाचा खडबडीतपणा माझ्या बोटाच्या टोकाला कळतच नव्हता. तो थोडा मागे, पेराच्या सांध्यात कुठेतरी पोचत होता, दूरच्या खोलीत कुणी वावरावं तसा. पण पोचत होता. त्यात मातीचं वजन, बटण खाली टेकताना येणारा घट्ट, बुटका आवाज. पहिल्या ओळीत पाच चुका, दुसरीत तीन. एवढ्याशा भाजलेल्या मातीने माझं बोट ओळखलं, याचं मला अजून नवल वाटतंय. चकचकीत संच भाचीने खोक्यात परत भरला. कपाटात ठेवावा म्हणते मी, बघायला.

हे पत्र त्याच बटणांवर लिहिलंय. हे कुठे पाठवायचं नाही, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. पण एक सांगून टाकते. मघाशी स्वयंपाकघरातून भाचीने बटणांचा आवाज ऐकला आणि विचारलं, "मावशी, कादंबरी सुरू झाली?" तिचा आवाज इतका आनंदी होता की मी "हो" म्हणाले. ती फाईल मी अजून उघडलेलीच नाही.