नापास

१४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

इतक्या दिवसांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल आधी माफी मागते. कारणं बरीच जमवली होती. एकेक तपासून पाहिलं, एकही टिकलं नाही. आई बरी आहे. गुडघ्याच्या नावानं बोटं मोडत फिरते, पण फिरते. तुझ्या खोलीची खिडकी अजून तशीच घट्ट बसते. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही.

माझं काम तेच. पाइपवर पाणी सोडायचं आणि आवाज सोडणारा प्रोब फिरवायचा. आवाज पोलादात शिरतो, पलीकडे आपटून परततो. आत कुठे चीर असली तर तो आधीच परततो आणि पडद्यावर टोक उठतं. बाबांच्या आजारपणात मी औषधांच्या वेळा तुला परत परत विचारत होते, तेव्हा तू म्हणालास, ताई, मी काही पाइप नाही, सारखं तपासून बघायला. आई हसली, बाबाही हसले. तू हसला नव्हतास, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. औषधांचं विचारायलाच हवं होतं, असं अजूनही वाटतं. तू झोपलास का, हे एकदा तरी विचारलं होतं का, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही.

आमच्याकडे पाइपचा एक तुकडा आहे. त्याच्या आतल्या बाजूला मुद्दाम खाच पाडलेली आहे. आम्ही त्याला ‘नापास’ म्हणतो. यंत्रानं नापासाला नापास केलं, तरच त्या दिवशीचे बाकीचे पास. परवा सकाळी लावला, टोक उठलं. काम संपताना पुन्हा लावला, तर पडदा सपाट. केबल सैल झाली होती. कधी, कोण जाणे. म्हणजे मधले सगळे पाइप मी पास केले तेव्हा यंत्राला ऐकू येत होतं की नाही, सांगता येत नाही. अशा वेळी मधलं सगळं पुन्हा तपासायचं, असा नियम. पण पाइप घेऊन गाडी निघून गेली होती. साहेब म्हणाले, बाई, गेलेल्या गाडीमागे धावू नये, चांगलेच असतील. असतीलही. मलाही तसंच वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर मी सही केली नव्हती, म्हणून ती मागे घेतली. साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, मग तुम्हीच कळवा.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. तुझ्या-माझ्यातही इतके दिवस टोक उठलं नाही, आणि मी ते सारं आलबेल समजत आले.

आज फोन लागला, तेव्हा तिकडच्या स्टोअरकीपरनं सांगितलं, पाइप वाफेच्या लाइनला जोडून झाले, उद्या संध्याकाळी वाफ सोडणार. तिकडच्या साहेबांनी थांबायचं की नाही ते हेडफिटरवर सोडलंय, आणि हेडफिटर म्हणतात, त्या बाईंना शंका घ्यायची खोडच आहे, अगदी लहानपणापासून. बाईंचं लहानपण फिटरला कसं ठाऊक, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला मात्र उत्तर ठाऊक होतं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. माझ्या आधी ते तुला मिळावं. मी यंत्र घेऊन उद्या दुपारपर्यंत पोचते. जोडलेले पाइपही तपासता येतात. तोवर वाफ सोडू नकोस. व्हॉल्व्ह उघडताना त्या लाइनखाली तूच उभा असशील. सगळे पाइप ठणठणीत निघाले, तर सगळ्यांसमोर मला हस. मी समोरच असेन.

तुझीच,
ताई

उद्या: पोचल्यावर आधी नापास लावून बघणे.