मेल गेला, पण पोचला कुठे?

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कारभार प्रोफेशनल. ज्या मोठ्या कंपनीला माल विकायचाय, तिथल्या परचेस खात्यातल्या स्वरूपा मॅडम फोनवर स्पष्टच म्हणाल्या की जीमेलवरून आलेला व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म चालणार नाही. स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे धंद्याच्या नावाच्या पत्त्यावरून पाठवा, पंधरा तारखेच्या पाच वाजेपर्यंत. त्यानंतर वर्षभर नवा व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, घेणार नाहीत. म्हटलं, मॅडम, दोन दिवसांत मिळेल. सोळा वर्षं कारखान्यात सीएनसी मशीन चालवलेल्या माणसाला ईमेल म्हणजे किस झाड की पत्ती.

फॉर्म मंजूर झाला तर आम्ही बनवतो त्या गाड्यांच्या रबरी बुशना कायमचं गिऱ्हाईक. नाही झाला तर जानेवारीपासून मी पुन्हा जुन्या कंपनीत, सेकंड शिफ्टला. तिथे निरोपसमारंभात मी अर्धा तास भाषण ठोकलंय. परत जायला तोंड नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
डोमेन घेतलं. दोन मेलबॉक्स मिळाले. एक एमडी, म्हणजे मी. दुसरा वाया जाऊ नये म्हणून बायकोच्या नावाने काढला. मंजुषा बिलं आणि डिस्पॅच बघते, तिला कुठले मेल यायला. पण मान ठेवला.

डोमेन विकणाऱ्यांनी एक इंग्रजी ओळ दिलीय. ती त्यांच्या पानावरच्या चौकटीत टाकायची. त्यावरून समोरच्याच्या कॉम्प्युटरला कळतं की मेल आपणच पाठवलाय, कुणा भामट्याने नाही. टाकली. सुरुवातीला रीतीप्रमाणे 'श्री' लिहिलं, तेही इंग्रजीतून. श्रीशिवाय आमच्या घरात किराण्याची यादीसुद्धा होत नाही.
हेल्पलाइनचा नंबर दिसला. गरज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ११.१०
फॉर्म पाठवला. 'सेंट' असं आलं. विषय संपला.
ज्योतीरामला चहा पाजला. चाकणची ही शेड त्याची, धंद्यात भागीदार पण तोच. त्याने विचारलं, पोचलं व्हय? म्हटलं, गेलं म्हणजे पोचलं. तर म्हणतो, कांदा बी गाडीत भरला म्हंजी गेलाच असतोय, पर मार्केटात उतरला का ते बघाया लागतं. जुन्या वळणाचा माणूस. सोडून दिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडम म्हणाल्या, मेल आला नाही. काल गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. मेल वाटेत अडकला असणार. पुन्हा पाठवला. जेवणानंतर अजून चारदा.

८ नोव्हेंबर, शनिवार
स्वतःच्या जीमेलवर पाठवून पाहिला. स्पॅममध्ये सापडला. वर लॉटरी, खाली केस उगवण्याचं तेल, मधोमध एमडी. वाईट वाटलं. पण याचा अर्थ मेल पोचतो. फक्त खोली चुकतो.
संकल्प: डोकं शांत ठेवणे.

१० नोव्हेंबर, सोमवार
सहा व्हिडिओ पाहिले. एक जण हिंदीत सांगतो, बदल लागू व्हायला चोवीस तास थांबा. थांबलो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग सहीखाली लोगो, दोन फोन नंबर, गणपतीचा फोटो आणि 'गुणवत्ता हाच आमचा धर्म' घातलं. मेलला थोडं वजन हवं.

मंजुषा म्हणाली, हेल्पलाइनला फोन लावा की. म्हटलं, एमडी हेल्पलाइनला फोन करत नसतात. ती म्हणाली, मग एमडींनी निदान डबा तरी वेळेवर खावा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जुन्या सुपरवायझरचा फोन. उद्धवराव, जानेवारीची जागा ठेवू का तुमच्यासाठी, असं अगदी मायेने विचारलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. सांगतो म्हटलं. मग फॉर्म सहा वेळा पाठवला.
खरं सांगायचं तर भीती वाटतेय. (ही ओळ नंतर खोडणे.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भांडण. मंजुषाने मला न विचारता हेल्पलाइनला फोन लावला आणि ती ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. तिकडच्या बाईंनी विचारलं, सुरुवातीला हे 'श्री' कोण? ओळ ठरलेल्या अक्षरांनी सुरू झाली नाही तर ती धरलीच जात नाही म्हणे. मंजुषा म्हणाली, काढून टाका. मी म्हटलं, आमच्यात बापजन्मी कुणी श्री खोडलेला नाही.

ज्योतीरामला पंच केलं. वाटलं, देवभोळा माणूस, माझी बाजू घेईल. तो म्हणाला, राव, देव काय असा न्हाई, एका ओळीतनं उठवला म्हून रुसायला. मी हात लावणार नाही असं सांगून शेडबाहेर जाऊन उभा राहिलो. मंजुषाने आधी लॅपटॉपला नमस्कार केला, मग श्री काढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४.४०
माझ्या जीमेलवर मेल थेट इनबॉक्समध्ये पडला. आनंदाने फॉर्म मॅडमना पाठवला. पोचला नाही. फोन केला तेव्हा कळलं, एकच मेल बारा वेळा आल्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरवाल्यांनी एमडी हा पत्ताच ब्लॉक केलाय. घड्याळात सव्वाचार. मंजुषाने शांतपणे तिच्या मेलबॉक्समधून पाठवला. चार बत्तीसला मॅडमचं उत्तर आलं, मिळाला.
फॉर्म मी भरला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मंजूर! ज्योतीराम पेढे घेऊन आला. सुपरवायझरला नम्रपणे नाही कळवलं. कळवताना दोनदा नाक पुसलं, सर्दी असावी.

कंपनीच्या मेलची सुरुवात 'डिअर मंजुषा मॅडम' अशी आहे. यापुढचा सगळा व्यवहार तिच्याशीच करणार म्हणे. मला काही वाटलं नाही. एमडीने रोजच्या मेलमध्ये अडकू नयेच.

खाली लिहिलंय की शुक्रवारी सकाळी साडेआठला ट्रायलचे दोनशे बुश गेटवर आणावेत, गेटपाससाठी ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर कळवावा. मंजुषाने लगेच कळवलं. पहिल्या झटक्यात पोचलं. मला तिने दाखवलं. ड्रायव्हरच्या रकान्यात माझं पूर्ण नाव आहे, स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे.