आखूड झालेला दोरा

निलंगा, ५ जानेवारी २०२५
बायकोला, गौरम्माला, मातीत बसवून पंधरवडा झाला. मी स्थिर आहे. कॉलेजात आयुष्यभर सायकॉलॉजी शिकवली ती काय उगाच? आजपासून रहस्यकादंबरी सुरू. विषय: बायको गेलेल्या माणसाच्या घरात कुणीतरी वावरतं. गुप्तहेर: निवृत्त प्राध्यापक, तीक्ष्ण नजरेचा. थोडा बारीक ठेवेन.

समाधीचे बारकावे वापरणार. पुण्याच्या वाचकांसाठी टीप: आमच्या लिंगायतांत माणसाला बसवतात, त्याच्या गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग त्याच्या हातावर ठेवतात, मगच माती देतात. त्या सकाळी माझी पूजाही राहिली होती, म्हणून ताटात दोघांच्या चांदीच्या डब्या शेजारीशेजारी. स्वामी म्हणाले, "इष्टलिंग द्या." मीच डबी उघडली, मीच तिच्या तळहातावर ठेवलं. हात थरथरला नाही. उरलेली डबी गळ्यात घालून घरी आलो.

९ जानेवारी
दोरा आखूड वाटतो. डबी छातीऐवजी गळ्याशी येते. मान जाड झाली. उद्यापासून पहाटे फिरणे. पूजा तूर्त बंद. सकाळ लेखनाला लागते.

१० जानेवारी
थंडी. फिरणे रद्द.

१४ जानेवारी
घरात तिचा वास येतो. विभूती, खोबरेल. लातूरला प्रकाशकाकडे निघालो तर एसटीतही आला. घाबरलो नाही. वासाची मेमरी असते. तरी औशापर्यंत खिडकी उघडी ठेवून डोळे पुसत होतो. धूळ फार.

प्रकाशक धोंडप्पा म्हणाले, "सर, भूत झकास हाय, पन येतंय कुठून? ते कळल्याबिगर छापत न्हाई." महिनाअखेर शेवटचं प्रकरण देतो म्हणालो. सोपं आहे.

२० जानेवारी
संशय सुनेवर. सृष्टी माझ्या गळ्याकडे बघते आणि पदर डोळ्यांना लावते. टिपिकल गिल्ट. सासूचं तेल तीच घरभर शिंपडत असणार. स्पष्ट विचारलं. म्हणाली, "मामा, काय बोलायलाव? आत्याची बाटली तर त्यांच्या शेवटच्या वेणीलाच सरली." उत्तर पाठ केलेलं वाटलं.

२७ जानेवारी
वास आज अगदी मानेशी. वळून वळून पाहिलं. कुणी नाही. एक ओळ लिहिली नाही. भीती वाटते. हा वास गेला तर, याची जास्त वाटते.

३१ जानेवारी
सृष्टी म्हणाली, "मामा, आज पूजा करा, मगच च्या देते." चहासाठी बसलो. डबी उघडली, इष्टलिंग तळहातावर घेतलं. एका बाजूला अंगठ्याएवढी झीज. माझा अंगठा तिथं बसेना. तिचा बसायचा, लहानपणापासून, रोजच्या पूजेत. दोऱ्याला तिची गाठ, गाठीत तिचं तेल.

माझं तिच्या हातात आहे. मातीखाली.

मोठ्याने रडलो. सृष्टी धावत आली, जवळ बसली. म्हणाली, "मला तर त्याच दिवशी तुमच्या गळ्यात आत्याचा दोरा दिसला, मामा. तुम्ही जाणून बदललाव ना? माहेरी, शेजारी, सगळ्यांना सांगितलं मी, इतकी माया कुणाची नसती म्हणून."

मी हो म्हणालो.