पावणेतीन एकर माळ, पाच हरणे आणि माझा जबाब

प्रथम एक दुरुस्ती. १७ जून २०२५ रोजी वनविभागाला दिलेल्या जबाबात मी लिहिले आहे, "सहादेव कोळपे यांच्या कुत्र्यांनी आमच्या माळावर पाच हरणे मारली, हे मी समक्ष पाहिले." मी काहीही पाहिलेले नाही. त्या वेळी मी नगरला होते. अक्षर माझे आहे. सांगणारा माझा सख्खा भाऊ जॉय.

मी, स्टेला मोझेस भिंगारदिवे, वय २९, राहणार चिंचेवस्ती, तालुका पाथर्डी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. आजार काही नाही. लग्न झालेले नाही, आई-पप्पा नाहीत. उद्या रस्त्यात काही झाले तर माझे सगळे जॉयकडे जाईल. ते जाऊ नये, म्हणून हा कागद.

१. डोंगराकडेची पावणेतीन एकर माळजमीन मावसबहीण मोनिका हिला. तिथे नुसते कुसळ उगवायचे, हरणे तोंड लावत नसत. म्हणून तीन उन्हाळे मी धान्य देऊन सहादेवमामांच्या मेंढ्या खतासाठी तिथे बसवल्या. गाव हसले. मामाही हसले, "ताई, पिकाच्या रानात बसवत्यात मेंढरं. हरनांसाठी लेंड्या इकत घेनारी तुमीच पयली." पण मेंढ्यांभोवतीची जाळी रोज पुढे सरकवत त्यांनी सगळा माळ खतावला. तिसऱ्या पावसात मारवेल आणि पवन्या गवत आले. मागोमाग हरणे आली, मी मोजली तेव्हा तेवीस.

जॉयचे सोनईला खताचे दुकान आहे. "स्टेले, लेंड्यांचं काय कौतुक? दोन गोण्या युरिया टाकू, हरणांना लग्नाचं जेवण होईल," तो म्हणाला. मी नको म्हटले. माझ्या माघारी त्याने टाकलाच, आणि उरलेली गोणी पाणवठ्याशी उघडी ठेवली. हरणांनी मीठ समजून चाटली आणि पाच मेली; हे मला नंतर कळले. त्याचा हेतू वाईट नसावा, हेही लिहिते. वाईट ते पुढचे. मी नगरहून पोचले तेव्हा हरणे पुरून खड्डा बुजवून झाला होता. "धनगराच्या कुत्र्यांनी फाडली गं. तू लिहून दे, तुझं अक्षर साहेबांना पटतं," तो म्हणाला. 'समक्ष' हा शब्द त्याने सांगितला, मी लिहिला. मामांवर खटला भरला गेला. त्यांची दोन्ही कुत्री गावाने दगडांनी मारली.

ऑक्टोबरात मामा पाथर्डीच्या स्टँडवर भेटले.

"ताई, आमच्या कुत्र्यांच्या तोंडाला रगत हुतं का? तुमी बगितलं का?"

"नाही."

"मग लिवलं का?"

त्याच दिवशी मी जॉयला विचारले, तेव्हा गोणीचे सगळे बाहेर आले. "मग काय, युरिया सांगू? दुकान जाईल माझं. आणि जबाब फिरवलास तर तूच आत जाशील, शहाणे." हे तो जेवताना म्हणाला, आणि माझ्याकडेच भाकरी मागितली.

२. माळ मामांनाच द्यावा असे मनात होते. पण मग माझा नवा जबाब देवाणघेवाणीचा दिसेल आणि खटल्यात त्यांनाच बाधेल. म्हणून मोनिकाला, या अटींवर: दर उन्हाळ्यात मेंढ्या बसवाव्यात, पहिला मान कोळपे यांच्या घराचा, गोणीतले खत माळावर येऊ नये, गवत कापू नये, विकू नये. बँकेतली शिल्लक मेंढ्या बसवण्याच्या धान्यासाठी.

३. राहत्या घरातला माझा हिस्सा जॉयला. ते घर त्याचेही आहे, रागाने हिरावून घेणार नाही. शाळेआधी पप्पांनी आम्हा दोघांना घरीच ज्या पाटीवर अक्षरे शिकवली, ती पाटीही त्यालाच. न पाहिलेले लिहू नये, हे पप्पांनी दोघांनाही सांगितले होते. मी विसरले, त्याने माझे विसरणे वापरले.

४. मला पप्पांशेजारी पुरावे. जॉयने माती टाकावी. माझ्याबद्दल चार शब्द मात्र बोलू नयेत.

५. जबाब बदलल्यावर मला शिक्षा झाली, तरी यातले काहीही बदलू नये. व्यवस्था मोनिकाने पाहावी. तिला लाभ असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
अजिनाथ खेडकर, पोस्टमन (सही)
रेश्मा दहिफळे, अंगणवाडी सेविका (सही)

स्टेला मोझेस भिंगारदिवे (सही)
चिंचेवस्ती, शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

वनविभागाच्या कार्यालयात जाऊन खरा जबाब देण्याचा दिवस: सोमवार, १५ डिसेंबर २०२५.