घुबडाच्या मुखवट्यातले केस

सोमवार, ३ मार्च

तीन केस! काळे, जाड, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत. मुखवट्याच्या आत, अस्तराला चिकटलेले. आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर गेली दहा वर्षं औषधाला केस नाही!

मुखवटा उलटा करून कोमट पाण्यात भिजवायचा, हे माझं सोमवारचं काम. बावीस वर्षं करतेय. नवरा कुस्तीच्या रिंगमध्ये 'घुबड' म्हणून उतरतो. बाकी सगळे वाघ, सिंह, वादळ, आणि ह्या माणसाला सुचलं काय, तर घुबड! पण चाललं हो. डोळ्यांभोवती पिवळी जाड वर्तुळं, मधे काळी भोकं. रविवारी दुपारी अख्खा हॉल 'घुबड, घुबड' करून ओरडतो. आत कोण आहे हे मला, आमच्या मुलाला आणि शोच्या मालकांना ठाऊक. बरोबरच्या पैलवानांनासुद्धा नाही. चेहरा दिसला की घुबड संपलं, असा त्यांच्यातला नियम आहे.

चहा देताना सहज विचारलं. "समोरच्याचे असतील," म्हणाला. समोरच्याचे केस मुखवट्याच्या आत कसे येतील? आत शिरून खेळला का तो?

केस पुडीत बांधून ठेवलेत.

मंगळवार, ४ मार्च

आज वाळलेला मुखवटा घेऊन खिडकीत बसले. मागची नाडी बघितली. नवऱ्याच्या मानेवर जुन्या पडण्याची गाठ आहे, म्हणून नाडीची वरची दोन भोकं तो मोकळी सोडतो. कायम! आता बघते तर वरपर्यंत ओवलेली आणि करकचून आवळलेली. कपाळाशी कापड ताणलं गेलंय. त्याचं कपाळ अरुंद, मी मापं घेतलीत त्याची.

कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवार, ८ मार्च

मुलाचा फोन. दोन वर्षं झाली त्याला त्या लांबच्या शहरात, फ्रीजच्या कारखान्यात. सगळं सांगितलं - केस, नाडी, कपाळ. आधी हसला. मग म्हणाला, "आई, तू पण ना! साप साप म्हणून भुई धोपटतेस. बाबांचं वय झालं, मुखवटाही जुना झाला असेल."

"ये एकदा रविवारचा," म्हटलं. "रविवारीच तर ओव्हरटाईम असतो गं." कसला मेला कारखाना, रविवार नाही की सोमवार नाही!

पण असू दे. निदान हे एक पोर त्या रिंगपासून लांब राहिलं. अठरा वर्षांचा असताना बापाचा मुखवटा चढवून आरशासमोर उभा होता. छाती काढून! मी माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला - 'पुन्हा हे तोंडावर चढवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.' पोर रडलं. वाईट बोलले, माहीत आहे मला. पण नवऱ्याची हाडं मी चोळलीत, मुलाची चोळायची ताकद माझ्यात नाही.

सोमवार, १० मार्च

काल आल्यावर नवऱ्याच्या पाठीला तेल लावलं. पूर्वी रविवारची पाठ म्हणजे बघवत नसे. दोरांचे वळ, खरचटलेलं, काळंनिळं. काल - काही नाही! एक ओरखडा नाही. आणि हा 'आई गं, हळू' करतोय!

"कशी झाली कुस्ती?" विचारलं. पलंगावर उभं राहून करून दाखवली. त्याला असा उचलला, असा फिरवला, खांबावरून असा झेपावलो. झेपावलो म्हणे! वाकून मोजे काढताना भिंतीला धरतो हा माणूस.

दुसरं एक आठवलं. गेले तीन मुखवटे सांगतोय, 'डोळ्यांची भोकं जरा मोठी कर, बाजूचं दिसत नाही.' मी आपली मोठी केली. आता वाटतं, कुणासाठी?

बाई असेल असंही मनात आलं. पण केस त्या जातीचे नाहीत. बाई असती तरी बरं होतं, निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं.

रविवार, १६ मार्च

गेले. लग्नानंतर दुसऱ्यांदा त्या हॉलमध्ये पाय ठेवला. पहिल्या वेळी त्याची मान मुरगळताना बघितली होती, तेव्हापासून कानाला खडा. डोक्यावरून ओढणी घेतली, शेवटच्या रांगेत बसले.

घुबड आलं. माझा पिवळा-काळा मुखवटा, अंगभर काळा पोशाख. आणि चाल - अगदी त्याची! आत्ताची नाही, वीस वर्षांपूर्वीची. डावा खांदा जरा पुढे. एवढी हुबेहूब नक्कल शिकला कुठून हा चोर?

चोरच म्हणायचं. कारण तेवढ्यात तिसऱ्या रांगेत बघते तर माझा नवरा! उघड्या तोंडानं, शेंगदाणे खात बसलेला! बरोबरच आहे म्हणा, त्याचा चेहरा ओळखणार कोण? बावीस वर्षं ज्याच्या नावानं लोक घसा फोडतात तो शेजारी बसलाय आणि कुणाला पत्ता नाही. घुबड खांबावर चढलं तशी हातातला पुडा सांडून उभा राहिला. टाळ्या! स्वतःच्या मुखवट्याला टाळ्या!

मी त्याच्या आधी घरी पोचले. बसथांब्यापर्यंत अक्षरशः पळत.

तो आला. हातात मुखवट्याची पिशवी. "आज फार मार बसला गं."

मी तेलाची बाटली दिली आणि आत निघून गेले. एक शब्द बोलले असते तर भांडी फुटली असती.

सोमवार, १७ मार्च

आता उजेडात विचार करते. मुखवटा विकला त्यानं. नाहीतर मालकांनी काढून घेतला आणि ह्यानं मूग गिळले. कुणीतरी जवान गडी आत घातलाय आणि माझा नवरा शेंगदाणे खायला मोकळा. पण नाव कुणाचं? टाके कुणाचे? अडीचशेच्या वर मुखवटे शिवलेत मी. बोटांना किती सुया टोचल्या ते त्या चोराला विचारा!

सरळ विचारायला काय झालं? काही नाही झालं. पण विचारलं की ह्याचं उत्तर तयार असतं. ताकास तूर लागू देणार नाही. धंदाच सोंगाचा.

बुधवार, १९ मार्च

मालकांच्या ऑफिसात गेले. कपड्यांचं माप घ्यायचं निमित्त. "या वहिनी!" खुर्ची पुढं केली, पंखा लावला. एवढी सरबराई कधी नव्हती.

"आमचे हे बरे खेळतात ना हल्ली?" मी.

"वहिनी, काय सांगू! वीस वर्षांनी लहान झालाय गडी."

असं म्हणाले आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. सारखेच होते ते. मी म्हटलं, मग येत्या रविवारच्या आधी एकदा समोर उभं करा, अंगावर माप घेते. तर म्हणे, "माप घरीच घ्या की, नवरा तुमचाच आहे." आणि हसले. चोराच्या मनात चांदणं!

घरी येईपर्यंत ठरलं होतं.

शुक्रवार, २१ मार्च

नवा मुखवटा आजच पुरा केला. रविवारी हाच जाणार.

जुना कागदी साचा काढला, बावीस वर्षांपूर्वीचा. नवऱ्याचे डोळे जवळजवळ आहेत, डावा किंचित खाली. मोजून तिथंच भोकं पाडली. लहान. त्याच्या नजरेला पुरतील एवढी, वर एक दोरा जास्त नाही. वर्तुळाला नेहमीसारखं दुहेरी जाड कापड लावलं, म्हणजे भोक ताणून मोठं करता येणार नाही.

आत माझा नवरा असेल तर त्याला काही होणार नाही. दुसरा असेल तर त्याला समोरचंसुद्धा धड दिसायचं नाही. धडपडेल, आपटेल, लोक हसतील. मग कळेल घुबड होणं म्हणजे काय असतं! दुसऱ्याच्या तोंडानं मिरवतोस काय?

नवरा आत्ता उघडून बघणार नाही. मुखवटा घरात चढवायचा नाही, पिशवीचं तोंड रिंगमागच्या खोलीतच सोडायचं, हा त्याचाच नेम. शकुन-अपशकुनाचं काहीतरी.

पिशवी हातात दिली तर म्हणाला, "झालाही? दमली असशील." एक क्षण वाटलं, सांगावं. नाही सांगितलं. त्यानं सांगितलं का मला?

रविवार, २३ मार्च

दुपारी दीड. तो पिशवी घेऊन गेला. मी पण निघते. आज डोळ्यांनी बघणार.

मंगळवार, २५ मार्च

लिहिते. लिहिल्याशिवाय छातीवरचं हलणार नाही.

घुबड आलं तेव्हाच मान सारखी इकडेतिकडे करत होतं. मी गालात हसले. हो, हसले. समोरच्यानं बाजूनं लाथ घातली, दिसलीच नाही त्याला. लोक ओरडले. दोनदा त्यानं डोळ्यांवर बोटं फिरवली, भोकं ताणायला बघितली. पंचानं काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मी मनात म्हणत होते - आपट, आपट एकदाचा.

मग खांबावर चढला. हॉल उभा राहिला. नवराही उभा होता, तिसऱ्या रांगेत. पण आज टाळ्या नाहीत, दोन्ही हात हवेत - 'उतर, उतर' अशी खूण. मला वाटलं प्रोत्साहन देतोय!

झेपावला. समोरचा गडी त्याला झेलायला सरकला होता, हातभर डावीकडं. नेहमीचं ठरलेलं असणार. पण डावीकडचं त्याला दिसतच नव्हतं. दोरांवरून सरळ खाली, लोखंडी कठड्यावर. तोंडावर.

तो आवाज.

हसणं माझ्या तोंडावर तसंच राहिलं होतं. चार जणांनी उचललं, वरून टॉवेल टाकला. माणूस मरायला टेकला तरी लोकांसमोर मुखवटा काढायचा नाही. नवरा माणसं तुडवत मागं धावला. मीही. दारातल्या माणसानं अडवलं. "बाई, कुठं?" "घुबडाची बायको आहे मी!" जोरात ओरडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आत तो बाकावर. पिवळ्या वर्तुळातून रक्त गळत होतं. नवरा नाडी सोडत होता, गाठ सुटेना. मी पुढं होऊन कातरीनं नाडी कापली. माझ्या पर्समध्ये कायम कातर असते.

मुखवटा ओढला.

माझा मुलगा.

"आई, शपथ मोडली गं," म्हणाला. रक्तानं भरलेल्या तोंडानं!

बुधवार, २६ मार्च

भुवई फाटलीय, डोळ्यावर पट्टी. डॉक्टर म्हणाले, "रविवारी उघडू, तेव्हा कळेल दिसतं का."

दवाखान्याच्या बाकावर नवरा बोलला. दीड वर्षापूर्वी मानेचा फोटो काढला होता. तीन मणके. आणखी एक पडणं आणि मानेपासून खाली सगळं बंद. घुबड बंद करतो म्हणाला, तर पोरगं नोकरी सोडून परत आलं. ह्याच शहरात खोली घेऊन राहतंय, पाच बसथांब्यांवर! वर्षभर बापाकडून शिकलं, तोवर हा जपून खेळला; गेले तीन महिने आत तेच. म्हणे, 'बाबा, तुम्ही बसून बघा. एकदा तरी बघा, लोक तुमच्यासाठी काय करतात ते.'

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी शपथ होती. कुठल्या तोंडानं सांगणार?"

मी पण भोकांचं नाही सांगितलं. त्यानं अजून विचारलेलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

मुलाला सूप भरवलं. कपाळ रुंद आहे त्याचं. माझ्या माहेरचं. डोळेही माझ्यासारखेच, एकमेकांपासून लांब. जन्मल्यापासून बघतेय.

देवा, डोळा दे त्याचा. बदल्यात माझा घे.

रविवार, ३० मार्च

पट्टी काढली. दिसतंय त्याला! डॉक्टरांची बोटं बरोबर मोजली. मग माझा हात धरला - "आई, तू कापड एवढं जाड लावलंस म्हणून डोळा वाचला."

मी मान हलवली.

घरी आले तर नवरा शिलाई मशीनपाशी बसलेला. मांडीवर तो रक्ताचा मुखवटा, शेजारी आधीचा, हातात माझी टेप. "भोकं मोठी कर म्हणालो होतो ना गं?"

"विसरले असेन," मी म्हटलं.

त्यानं टेप गुंडाळून ठेवली. "बावीस वर्षांत तू एक माप विसरली नाहीस," म्हणाला.